१५५च्या ठेक्यात अडकलेले कान

वाचकाचं पत्र, नाव-गाव गाळून, थोडक्यात:

वय २८. चाकणला एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये नोकरी, राहणं आई-वडिलांसोबत. लहानपणी आठ वर्षं तबल्याचा क्लास, घरात ख्याल ऐकण्याची जुनी सवय. तीन वर्षांपूर्वी मित्रांनी एका पार्टीला नेलं, तिथे मोठ्या सिस्टिमवर पहिल्यांदा इंडस्ट्रियल टेक्नो (यंत्रासारखं कर्कश, ठेक्याचं इलेक्ट्रॉनिक संगीत) ऐकला आणि वेड लागलं. सुरुवातीला १३५ बीपीएमचं (मिनिटाला १३५ ठोके) ऐकायचे, आता १५५च्या खालचं काही भिडत नाही. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता हेडफोन, घरी पुन्हा तेच, महिन्यातून दोनदा पार्टी, सीझनमध्ये गोवा. पार्टीनंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानात शिट्टी वाजत राहते. वडील म्हणतात, "हे संगीत नाही, कारखान्याचा आवाज आहे. दिवसभर तोच ऐकतोस, रात्रीही तोच?" आईला वाटतं, मुलाच्या मनात काहीतरी काळं साचलंय. पूर्वी विलंबित ख्याल तासभर ऐकला जायचा, आता पाच मिनिटांत चुळबुळ सुरू होते. वर्षभरापासून लॅपटॉपवर स्वतःचे ट्रॅकही करतात. ११ बाय १० फुटांच्या खोलीत किक (बास ड्रमचा ठोका) बारीक वाटली म्हणून वाढवली, तर मित्राच्या गाडीत नुसती गडगड. विचारतात: "माझ्यात काही बिघडलंय का? हे संगीत सोडून द्यावं का? आणि सोडायचं नसेल, तर माझ्या ट्रॅकचा असा चिखल का होतो?"

प्रिय वाचक,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण तिन्हींच्या मुळाशी एकच समजूत दिसते: हे संगीत किती आवडतं हे ते किती वेळ, किती जोरात आणि किती वेगात ऐकतो यावरून ठरतं. आई-वडिलांचीही समजूत तीच आहे, फक्त ते तिच्याकडे उलट बाजूने पाहतात. मला वाटतं, तुमची आवड बिघडलेली नाही. मात्रा बिघडली आहे. या दोन गोष्टी वेगळ्या केल्या की बऱ्याच गाठी सुटतात.

सुरुवात कानांपासून करू या, कारण तेवढी एकच गोष्ट परत मिळत नाही.

अमेरिकेतल्या नायॉश या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबल आवाजात रोज ८ तासांपर्यंत चालतं. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ला ४ तास, ९१ला २, ९४ला १, ९७ला अर्धा तास, १००ला १५ मिनिटं, १०३ला साडेसात मिनिटं. आता तुमचा दिवस मोजा. प्रेस शॉपमध्ये प्लग न घालता ८ तास ८८ डेसिबल धरले, तर दिवसाचा वाटा तिथेच दुप्पट संपला. भारतातल्या कारखान्यांसाठीची कायदेशीर मर्यादा ८ तासांना ९० डेसिबल आहे. म्हणजे कंपनी नियमात असली तरी तुमचा कान या हिशेबाबाहेर असू शकतो. त्यानंतर बसमध्ये इंजिनाचा आवाज झाकण्यासाठी हेडफोनचा आवाज चढतो. आणि महिन्यातून दोन रात्री क्लबमध्ये १०३ डेसिबलला ४ तास, म्हणजे एका रात्रीत ३२ दिवसांचा वाटा. वडील 'दिवसभर तोच, रात्रीही तोच' म्हणतात तेव्हा ते संगीताबद्दल बोलत असतील, पण कानाच्या दृष्टीने ते अगदी अचूक बोलत आहेत. आवाज मशीनचा की डीजेच्या सेटचा हा फरक कानाला कळत नाही. त्याच्याकडे एकच बेरीज होते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाजणारी शिट्टी म्हणजे आतल्या कानाच्या पेशी थकल्याची खूण. ती थांबली म्हणजे सगळं पूर्ववत झालं, असं बहुतेक जण धरून चालतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मात्र असं दिसलंय की ऐकण्याची पातळी परत आली तरी पेशी आणि श्रवणतंतू यांच्यातले काही जोड कायमचे तुटलेले असू शकतात. माणसात असं झालं तर त्याची पहिली चाहूल बहुधा गर्दीत लागते: शांत खोलीत सगळं ऐकू येतं, पण हॉटेलात समोरच्याचं बोलणं निसटतं. तुम्हाला असं होत असेल तर त्याची नोंद ठेवा.

या महिन्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) करून घ्या. जाण्याआधी निदान १६ तास मोठा आवाज टाळा, म्हणजे सोमवारी सकाळी, पाळी सुरू होण्याआधी. तपासणीत ३०००, ४००० आणि ६००० हर्ट्झ तपासायला सांगा. आवाजाने झालेली इजा आधी ४०००च्या आसपास खड्ड्यासारखी दिसते आणि नेहमीच्या बोलण्यात ती जाणवतही नाही. शिट्टी ४८ तासांपुढे राहिली तर वाट पाहू नका. एका कानाचं ऐकणं अचानक गेलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यावरच्या स्टिरॉइड उपचाराचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त होतो. 'दडे बसलेत, जातील' म्हणत आठवडा घालवणाऱ्यांचं नुकसान फार होतं.

प्लगबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण 'प्लगमुळे मजा जाते' असं म्हणणाऱ्या बहुतेकांनी तो नीट घातलेलाच नसतो. कारखान्यात फोमचा पिवळा-नारिंगी प्लग मिळतो. तो बोटांत घोळवून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळ वर आणि मागे ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत ३० सेकंद बोटाने धरून ठेवायचा. अर्धा बाहेर लोंबत असेल तर तो नसल्यातच जमा. दोन्ही नीट बसले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा येतो, ही खूण. पार्टीला मात्र फोम नको. तो वरच्या पट्टीतला आवाज जास्त आणि खालचा कमी कापतो, म्हणून हाय-हॅट (ड्रमसेटमधल्या झांजांचा बारीक आवाज) बुजते आणि सगळं घोंगडीखालून आल्यासारखं वाटतं. संगीतासाठीचे फिल्टरवाले प्लग घ्या. ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच उतरवतात. प्रत्यक्षात १५ डेसिबल जरी उतरले तरी १०३चे ८८ होतात आणि ४ तासांच्या रात्रीचा हिशेब एका दिवसाच्या वाट्यात बसतो. ३२ दिवसांच्या जागी एक. प्लग गेटबाहेर घालायचे, आत जाऊन नाही. एकदा मोठ्या आवाजाची सवय झाली की प्लग घातल्यावर सगळं मेल्यासारखं वाटतं आणि लगेच काढावेसे वाटतात. शांत जागी, ऑफिसात, घरी मात्र ते घालून बसू नका. त्याने कान उलट जास्त हळवे होतात.

उभं कुठे राहायचं यानेही फरक पडतो. उघड्यावर स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. बंद खोलीत एवढा नाही उतरत, तरी स्पीकरच्या स्टॅकला चिकटून उभं राहण्यापेक्षा खोलीच्या मागच्या तिसऱ्या भागात बरं, आणि मिक्सही तिथे जास्त जुळलेला ऐकू येतो. दर तासाला १५ मिनिटं बाहेर या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमस्थळांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल ही कमाल मर्यादा सुचवली. हेडफोनसाठी तिचा हिशेब आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल. फोनच्या सेटिंगमध्ये ही मर्यादा घालून टाका. बससाठी आवाज चढवण्यापेक्षा कानाला घट्ट बसणारे किंवा नॉइज कॅन्सलिंगवाले हेडफोन घ्या, म्हणजे इंजिनाशी स्पर्धा करावी लागणार नाही.

आता आईची काळजी. काळोखं, कर्कश संगीत आवडणं म्हणजे मनात काळोख असणं, ही समजूत मोठ्या आस्थेतून येते, पण ती धरून चालण्याचं कारण मला दिसत नाही. या संगीताची ओढ बरीचशी शरीरातून येते. सेकंदाला ३० ते १५० वेळा थरथरणारा आवाज आपल्याला 'खरखरीत' वाटतो. माणसाच्या किंकाळीत हीच थरथर असते, आणि धोक्याचे भोंगेही याच जातीचे. असा आवाज ऐकला की शरीर सावध होतं. खरा धोका नाही हे मनाला माहीत असताना, सुरक्षित जागी, ओळखीच्या माणसांत, नेमक्या ठेक्यावर तो आला, की त्या सावधपणाचं नाचात रूपांतर होतं. दुसरी गोष्ट खोल आवाजाची. साधारण ९० डेसिबलच्या वरचा खर्जातला आवाज आतल्या कानाच्या तोल सांभाळणाऱ्या भागालाही हलवतो, असं ब्रिटिश संशोधकांनी २००० साली मांडलं. झोक्यावर जे सुख मिळतं त्याच्याच जवळचं काहीतरी. तिसरा पुरावा तर थेट तुमच्याच संगीतातला आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात ऑर्फिक्स या इंडस्ट्रियल टेक्नो वाजवणाऱ्या जोडीचा कार्यक्रम ठेवून ८ ते ३७ हर्ट्झचे, ऐकू येण्याच्या सीमेवरचे स्पीकर मधूनमधून चालू-बंद केले गेले. ते चालू असताना लोक सरासरी ११.८ टक्के जास्त हलत होते, आणि ते चालू आहेत हे त्यांना ओळखता येत नव्हतं. २०२२ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे पहिल्या पार्टीत तुम्हाला जे झालं ते स्वभावातलं वैगुण्य नव्हतं. तुमचं शरीर ठीक चाललं होतं.

आणि वडिलांचं 'कारखान्याचा आवाज' हे वाक्य. ते शिवी म्हणून घेऊ नका, ते या संगीताचं बरंचसं अचूक वर्णन आहे. थ्रॉबिंग ग्रिसल या ब्रिटिश गटाने १९७६ साली काढलेल्या लेबलचं (रेकॉर्ड कंपनीचं) नावच 'इंडस्ट्रियल' होतं. टेक्नो जन्मला डेट्रॉइटमध्ये, मोटारींच्या शहरात. त्याचं खरबरीत, कोरडं रूप घडवणारं डाउनवर्ड्स हे लेबल १९९३ साली निघालं ते बर्मिंगहॅममधून, आणि किक फाटेपर्यंत ताणणारा गॅबर हा प्रकार वाढला तो रॉटरडॅममध्ये, बंदर आणि गोदीच्या गावात. ज्यांच्या गावात यंत्रं होती त्यांनी यंत्राच्या आवाजाला ठेका दिला. प्रेसचा दणका तुम्ही दिवसभर सोसता, त्याच्या वेळेवर तुमचा ताबा नसतो. रात्री तसाच दणका येतो, पण लयीत येतो, आणि पुढचा कधी येणार हे तुम्हाला माहीत असतं. तुमच्या ओढीमागे हे असेल असं मला मनापासून वाटतं. पटलं तर वडिलांना हे असंच सांगा.

पण या संगीताच्या मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत, आणि तुम्ही त्यातल्या एका मर्यादेवर येऊन ठेपला आहात.

१३५ भिडेनासं झालं म्हणून १४५, मग १५५. ही शिडी कुठे जाते? १७० ते २०० बीपीएमचं हाय-टेक सायट्रान्स नावाचं संगीत आहे, त्याच्याही वर स्पीडकोर नावाचा प्रकार आहे. त्या वेगात काय होतं हे आकड्यांनी पाहा. १५० बीपीएमला दोन किकमध्ये ४०० मिलिसेकंद असतात. २००ला ३००. ५० हर्ट्झच्या खर्जाची एक लाट २० मिलिसेकंदांची. म्हणजे वेग वाढतो तसा खर्जाला उमटायला आणि विरायला वेळ उरत नाही. किक आखूड करावी लागते, तिचा घुमारा जातो, मागे फक्त टोक उरतं. वजन कमी आणि टकटक जास्त. वेगवान संगीत वाईट असतं असं नाही. पण १५५नंतर १७०वर जाऊन तुम्हाला जे हवंय तेच तिथे कमी मिळतं. कर्कशपणाचंही तसंच. कान सतत येणाऱ्या आवाजाला सरावतो. पहिल्या मिनिटाला अंगावर काटा आणणारी खरखर दहाव्या मिनिटाला भिंतीचा रंग होऊन बसते. कठोर आवाज कठोर वाटायला त्याच्या शेजारी मऊ काहीतरी, निदान रिकामी जागा लागते. सेट चांगला वाजवणारे डीजे दोन तासांत ताण चढवतात, उतरवतात, मधे एखादा कोरडा, उघडा ट्रॅक घालतात. तुमची रोजची प्लेलिस्ट मात्र सगळी शिखरंच आहेत, दऱ्या काढून टाकलेली.

ख्याल पाच मिनिटांत सोडवत असण्याचं कारणही मला हेच दिसतं, तुमची समज गेली हे नाही. तुम्ही तबला शिकला आहात, म्हणून एक हिशेब मांडतो. विलंबित एकतालाचं एक आवर्तन अतिविलंबित लयीत साधारण मिनिटभराचं असतं. १५० बीपीएमच्या टेक्नोचे ३२ बार म्हणजे १२८ ठोके, ५१ सेकंद. या संगीतात महत्त्वाचे बदल १६ आणि ३२ बारांवर होतात. म्हणजे तुमच्या आवडत्या ट्रॅकचं खरं आवर्तन एकतालाएवढंच लांब आहे! तुम्ही मात्रा ऐकत बसलात आणि सम ऐकायची सोडली. एक प्रयोग करा. रोज रात्री हेडफोन न लावता, साध्या बोलण्याच्या आवाजात एकच ट्रॅक ऐका. बोटांवर ठोका धरू नका. फक्त ३२ बारांच्या सुरुवातीला टाळी द्या आणि मधे काय बदललं ते सांगा. हॅट उघडली, रंबल (किकमागची खोल गुरगुर) मागे गेलं, एक तीन-सोळाव्यांची (पाव ठोक्याच्या तीन-तीन तुकड्यांची) आकृती सुरू झाली. अशी आकृती चारच्या ठेक्यावर सरकत राहते आणि तीन बारांनी पुन्हा समेवर येते. आडलयीतलं तुम्ही वाजवलेलं आठवेल. आठवड्याने त्याच आवाजात विलंबित लावा आणि तीच टाळी द्या.

त्याच्या आधी चौदा दिवसांची विश्रांती घ्या. संगीत बंद असं नाही. पार्टी नाही, बसमध्ये हेडफोन नाहीत, कारखान्यात प्लग आहेतच, आणि घरी १५० बीपीएमच्या वरचं काही नाही. पहिले चार-पाच दिवस बेचैन वाटेल. एकाच प्रकारच्या उत्तेजनाची सवय लागली की तसं होतंच. या दिवसांत याच घराण्यातलं हळू आणि उघडं संगीत ऐका: जेफ मिल्स आणि रॉबर्ट हूडचं नव्वदच्या दशकातलं काम, बर्लिनच्या बेसिक चॅनेलचं धुक्यासारखं टेक्नो, फ्रंट २४२ या गटाचं ऐंशीच्या दशकातलं ईबीएम (इलेक्ट्रॉनिक बॉडी म्युझिक). शेवटचं तर गोव्याच्या इतिहासातही आहे. सायट्रान्स हे नाव येण्यापूर्वी हणजूणच्या किनाऱ्यावर टेपवरून वाजायचं त्यात हे युरोपातलं काळं, लष्करी चालीचं ईबीएम बरंच असायचं. गोवा गिल नावाने ओळखले जाणारे, २०२३ साली वारलेले डीजे पुढे त्याच वाटेने डार्क सायट्रान्सपर्यंत आले.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, तरी सारखी पत्रं लिहिणाऱ्या इतरांसाठी सांगतो. काही घेतल्याशिवाय हे संगीत ऐकवत नसेल, तर तो प्रश्न संगीताचा नाही आणि त्यासाठी वेगळी मदत घ्यायला हवी. अमली पदार्थांमुळे तहान, थकवा आणि आवाजाची पातळी या तिन्हींचा अंदाज जातो, शरीर तापतं, आणि कायद्याने तर ते गुन्हाच आहे. तेच संगीत पाणी पिऊन, जेवून, प्लग घालून ऐका. तरीही आवडलं तर ते तुमचं आहे.

आता ट्रॅककडे वळतो. तुमच्या चिखलाचं पहिलं कारण तुमची खोली आहे. ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर. ज्या आवाजाची अर्धी लाट खोलीच्या लांबीएवढी असते तो तिथे अडकून घुमतो. तुमच्या खोलीत तो साधारण ५१ हर्ट्झ, म्हणजे नेमका किकचा खर्ज. हा घुमारा भिंतीपाशी सर्वांत मोठा आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा. तुम्ही मध्यावर बसत असणार. तिथे किक बारीक वाटली, तुम्ही ५० हर्ट्झ वाढवला, आणि गाडीत तो वाढवलेला सगळा खर्ज बाहेर आला. लांबीच्या दिशेने तोंड करून बसा आणि खुर्ची समोरच्या भिंतीपासून सव्वाचार फुटांवर आणा, लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर. खर्ज नेहमी हेडफोनवर पुन्हा तपासा. भिंतीवर अंड्यांचे ट्रे किंवा पातळ फोम लावून खर्जाला काही होत नाही, ते फक्त वरचा आवाज थोडा शोषतात.

दुसरं कारण बहुधा असं, की किक आणि बास एकाच डिस्टॉर्शनमधून (आवाज ताणून फाडणाऱ्या इफेक्टमधून) जातात. दोन सूर एकत्र ताणले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर तयार होतात. ४९ आणि ७३ हर्ट्झ एकत्र घातले तर २४ आणि १२२ही येतात, आणि ते तुम्ही वाजवलेलेच नसतात. चिखल तो हाच. दोघांना वेगवेगळं ताणा, मग एकत्र आणा.

किक बांधताना डग्गा आठवा. मनगट दाबून घुमारा सरकवता तसाच इथे सूर २०० हर्ट्झवरून ४९वर ४०-६० मिलिसेकंदांत उतरतो. एकूण लांबी १५० बीपीएमला २५० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा, म्हणजे पुढच्या ठोक्याआधी थोडी जागा राहते. डिस्टॉर्शन एकदम जबर देण्याऐवजी दोन-तीन टप्प्यांत हलकं द्या आणि प्रत्येक टप्प्याआधी इक्यूने (पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) ठरवा की काय ताणायचं. जे वाढवून आत पाठवाल तेच जास्त फाटेल. ४ पट ओव्हरसॅम्पलिंग (इफेक्टने आवाज जास्त बारीक तुकड्यांत मोजणं) चालू ठेवा, नाहीतर वरच्या पट्टीत काचेसारखे बेसूर आवाज परत येतात. शेवटी ३० हर्ट्झखालचं कापा, २५० ते ४०० हर्ट्झमध्ये ३ डेसिबल उतरवून पाहा, आणि २.५ ते ४ किलोहर्ट्झमध्ये टोचणारं एखादं टोक असेल तर तेवढंच अरुंद कापा. तुमचे कान सध्या नेमके तिथेच थकलेले असतील, तर तुम्ही ती पट्टी नकळत जास्त ठेवाल. ट्रॅक कर्कश होण्याचं हेही एक कारण असतं.

रंबलसाठी किकची प्रत वेगळ्या चॅनेलवर घ्या, दीड सेकंदाचा रिव्हर्ब (घुमाऱ्याचा इफेक्ट) पूर्ण ओला, म्हणजे मूळ आवाज न मिसळता, मग १२० हर्ट्झच्या वरचं कापा, मग हलकं डिस्टॉर्शन, आणि शेवटी किकवर साइडचेन, असा की किक आली की रंबल दबेल आणि ६०-८० मिलिसेकंदांनी वर येईल. हे सगळं मोनो ठेवा. रंबल गढूळ वाटलं तर आवाज कमी करण्याआधी रिव्हर्ब आखूड करून पाहा.

काम करताना मास्टरवर (सगळं एकत्र येतं त्या शेवटच्या चॅनेलवर) लिमिटर (शिखरं दाबणारा इफेक्ट) ठेवू नका आणि शिखर उणे ६ डेसिबलच्या आत राहू द्या. या प्रकारातले तयार ट्रॅक उणे ६ ते उणे ८ एलयूएफएसपर्यंत (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) ठासलेले असतात, पण स्ट्रीमिंगवर स्पॉटिफाय ते उणे १४च्या आसपास उतरवतं. ठासून मिळवलेला मोठेपणा तिथे जातो आणि सपाटपणा उरतो. दुसऱ्याच्या ट्रॅकशी तुलना करायची तर दोघांचा आवाज आधी सारखा करा. नाहीतर मोठा असेल तोच चांगला वाटतो. आठ बारांमध्ये एक तरी वाद्य कोरडं आणि न फाटलेलं ठेवा, रिमचा साधा ठोका चालेल. त्याच्या शेजारी बाकीचं फाटलेलं कळतं. समेआधी सगळं थांबवून एक ठोका रिकामा सोडा. तिहाईनंतरच्या समेचं वजन तुमच्या हातांना ठाऊक आहे. किक एक डेसिबलनेही न वाढवता ती दुप्पट मोठी वाटेल.

खोलीत ७५ डेसिबलच्या आसपास काम करा, ५० मिनिटं काम आणि १० मिनिटं शांतता. रात्री दहानंतर फक्त हेडफोन, तेही हळू. निवासी भागात रात्रीची ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे, पण त्याहून मोठी अडचण ही की खर्ज भिंतींतून सहज जातो. आईच्या उशाशी संगीत पोचतच नाही, नुसता धपधप असा ठोका पोचतो. त्यांच्या भीतीतला काही भाग कदाचित त्या भिंतीपलीकडच्या धपधपीचा असेल. स्पीकर जमिनीवरून आणि भिंतीपासून हलवा, खाली जाड रबर घाला, आणि त्यांना एकदा खोलीत बसवून हाच ट्रॅक हळू आवाजात पूर्ण ऐकवा.

वडिलांसाठी दुसरा दरवाजा आहे. चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी मुंबईत रोलंड टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या बास आणि ड्रमच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर डिस्को ठेक्यात दहा राग वाजवले आणि त्यांची एक तबकडी निघाली. तेव्हा फारशी कोणी ऐकली नाही, २०१०मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे टेक्नोवाले थक्क झाले, कारण पुढे ॲसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार ज्यावर उभा राहिला ती यंत्रं इथे आधीच भैरव वाजवत होती. ती कर्कशही नाही आणि काळीही नाही. वडिलांसोबत ती ऐका, राग कुठे सांभाळलाय आणि कुठे यंत्राने ओढून नेलाय हे त्यांना विचारा. ते सांगतील, आणि तुम्हाला ते ट्रॅक करताना उपयोगी पडेल.

चौदा दिवस झाले, ऑडिओमेट्रीचा कागद हातात आला, की पुढची पार्टी ठरवा. महिन्यातून एक. आदल्या आणि दुसऱ्या दिवशी रात्रपाळी नको, आणि पुढचे दोन दिवस बसमध्ये हेडफोन नकोत. कागदावर ४००० हर्ट्झपाशी खड्डा दिसला तर तो कागद कंपनीच्या सेफ्टी विभागालाही दाखवा. तुमच्या शेजारच्या प्रेसवर उभे राहणारे, टेक्नो कधीही न ऐकलेले सहकारीही त्याच आवाजात आठ तास काढतात.